सुटकेची दोरी

५ डिसेंबर

तळं गोठलं. आठ इंच बर्फ झालाय म्हणे. बर्फाला भोक पाडून मासे धरणारे आपापली खोपटी ओढत तळ्यावर न्यायला लागले. सकाळी माझ्या शाळेच्या बसमधली पोरं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. मी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

संध्याकाळी लोवेल हेगलंड आला. माझ्या भावाचा, रॉडनीचा, शाळेपासूनचा दोस्त, आणि गावातल्या सगळ्या पतंगवाल्यांचा म्होरक्या. रॉडनीशी दहा मिनिटं हवापाण्याचं बोलला, मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"अर्लिस, या हिवाळ्यात तू पतंग शीक. मी शिकवतो."

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? त्या पतंगाने माझ्या भावाचं काय केलंय ते आत जाऊन नीट बघून ये."

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

फेब्रुवारीत वर्ष होईल. रॉडनी लोवेलचाच मोठा, माणसाला ओढून नेणारा पतंग कमरेला बांधून बर्फावर स्कीवरून फिरत होता. वारा एकदम चढला. छातीवरची लाल मूठ पुढे ढकलली की पतंग सुटतो, कापडासारखा खाली पडतो. रॉडनीने ती ढकलली नाही. दांडी घट्ट धरून बसला आणि फरफटत जाऊन बर्फाच्या उंचवट्यावर आदळला. लोवेल सगळ्यात आधी पोचला; मूठ ढकललेली नव्हती हे त्यानेच बघितलं. रॉडनीला तो दिवस आठवत नाही, आधीचे पंधरा दिवसही नाहीत. आता तो माझ्याकडे खालच्या खोलीत असतो, काठी घेऊन चालतो.

एकतीस वर्षं खांबांवर चढलेला वायरमन. कधी खरचटलं नाही. आणि त्या एका क्षणी भीतीने हातपाय गारठून बसला. मला अजून त्याचा राग येतो. आजारी माणसावर रागावू नये, कळतं मला.

लोवेलला 'बघू' म्हटलंय.

१४ डिसेंबर

गेले. म्हटलं, बघावं तरी कसलं वेड होतं ते.

आधी पाऊण तास पतंगाला हातच लावू दिला नाही. वारा मोजायचा. वाऱ्याच्या दिशेला पुढे काय आहे ते बघायचं: खोपटं, गाडी, माणूस, बर्फाची भेग, काही म्हणजे काही नको. हेल्मेट. मी म्हटलं, "रोज सकाळी बसभोवती फेरी मारून टायर, दिवे, मागचं दार तपासते मी. मला काय शिकवतोस?" तो हसला नाही. म्हणाला, "मग तुला लवकर येईल."

पतंग अगदी लहान, पोरांचा असतो तसा, दोन दोऱ्यांचा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. पतंग डोक्यावर किंवा पार डाव्या-उजव्या कडेला असला की गरीब असतो. समोर मधोमध खाली आणला की अंगात येतं त्याच्या. मी एकदा आणला चुकून, आणि चार पावलं पळत गेले, पाचव्याला तोंडावर. सत्तावन्न वर्षांची बाई, नाकात बर्फ. लोवेल धावत आला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"मेले नाही रे, पडले फक्त," मी म्हटलं.

किती काळजी करतो हा माणूस. माझा नवरा गॅरी ॲरिझोनाला पळाल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी पडले तर धावत कुणी आलेलं नाही.

२२ डिसेंबर

आज फक्त सोडण्याचा सराव. पतंग वर चढवायचा आणि दोन्ही मुठी उघडायच्या. चाळीस वेळा.

ऐकायला सोपं वाटतं. पण घाबरलं की माणूस मूठ आवळतो, आणि या पतंगाची मूठ आवळली की जोर आणखी वाढतो. गाडी घसरली की नवशिका ब्रेकवर उभा राहतो ना, तसंच. लोवेल मागे उभा राहून अचानक ओरडायचा, "सोड!" पहिल्या दहा वेळा मी उलट धरलंच. मग मला रॉडनीचं कळलं. असंच झालं असेल त्याचं.

घरी येऊन त्याला म्हटलं, "कळलं मला, तू का धरून बसलास ते. साहजिक असतं."

तो जेवत होता. म्हणाला, "बरं."

लोवेल जाताना विचारत होता, गॅरेजमधली ती अपघातातल्या फाटक्या पतंगाची पिशवी उगाच जागा अडवतेय, नेऊन टाकू का? शेरीफच्या पोलिसांनी आणून दिलेली, तशीच पडून आहे. मी म्हटलं, रॉडनीला विचारते. रॉडनी म्हणाला, राहू दे. त्याचं त्याला ठाऊक.

३० डिसेंबर

रॉडनी शेगडीजवळ उभा होता. दूध गरम करायचं होतं. दहा मिनिटं उभा. शेवटी मला हाक मारली.

"अर्लिस, हे जरा तू लाव."

"हात चालतोय ना तुझा?"

"हात चालतोय. पण ऐन वेळी काही झालं तर मी नुसता बघत बसेन."

विजेचं बटणसुद्धा मला तपासायला लावतो. ज्याने आमच्या अख्ख्या तालुक्याला वीज जोडली, तो. मी दूध तापवून दिलं. 

५ जानेवारी

मोठा पतंग. कमरेला पट्टा, पट्ट्याला दांडी, छातीसमोर लाल मूठ. मूठ ढकलली की दांडी एका बारीक दोरीवरून सरसर वर जाते आणि पतंग दुमडून मरतो. ती सुटकेची दोरी.

लोवेलने मला ती दोरी हातमोजा काढून चाचपायला लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शून्याखाली बावीस होतं आज. मी म्हटलं, "बोटं गळून पडतील माझी."

"पडू देत. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी कळतं. कुठे पीळ, कुठे गाठ, काही राहता कामा नये. दर वेळी, अर्लिस. मी सोबत असलो तरी. मी म्हटलं तपासलंय, तरीसुद्धा. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

इतकं कोण कुणासाठी सांगतं? मग माझी बोटं स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन फुंकर घालत बसला.

वीज सोसायटीकडून रॉडनीला पत्र आलंय. बेमिजीला नव्या वायरमनचं शिक्षण केंद्र आहे, तिथे शिकवायला या म्हणतात. चढायचं नाही, फक्त शिकवायचं. राहायची सोयही आहे. पंधरा मार्चपर्यंत कळवायचंय. रॉडनीने पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं.

"काय शिकवणार मी? वेळ आल्यावर गारठायचं कसं, ते?"

१९ जानेवारी

आज जमलं. 

वारा ठीक होता, मी स्कीवर कडेकडेने मजेत चालले होते. तळ्यातल्या बेटाच्या टोकाशी वाऱ्याचा झोत आला. पतंग समोर मधोमध गेला आणि मी उचललेच गेले. पाय बर्फावर नव्हते. आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, लाल मूठ ढकलली. दांडी सर्रकन गेली, पतंग पडला, मी बसकण मारली. बस्स.

लोवेल आला तो रडत होता. खरोखर रडत होता. मला धरून म्हणाला, "चाललं. चाललं ते." मी त्याची टोपी सरळ केली.  मला वाटतं, मला हा माणूस आवडायला लागलाय. इथे लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण?

घरी येऊन मात्र मी फार बोलले. रॉडनी खिडकीशी बसला होता. मी बूट काढता काढता सांगत सुटले आणि शेवटी म्हटलं, "मी, बस चालवणारी बाई, सव्वा महिन्यात शिकले. मला जमलं. तुला का नाही जमलं रे? एक मूठ ढकलायची होती."

तो म्हणाला, "ते मी रोज विचारतो."

नको होतं बोलायला. पण खोटं तरी काय बोलले?

२६ जानेवारी

लोवेल जेवायला. ओव्हनमध्ये बटाट्याचा हॉटडिश भाजला होता, वर टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याचे कुरकुरीत गोळे, नीट रांगेत लावलेले. रॉडनी आपली ताटली घेऊन खोलीत गेला. लोवेलला मी सरळ विचारलं, हे शिकवणं-बिकवणं कशासाठी चाललंय? तो म्हणाला, "तुला काही होऊ नये म्हणून."

जाताना दारात गालावर ओठ टेकवले. दाढी टोचते त्याची. मी आपली जाऊन आरशात बघून आले.

२ फेब्रुवारी

वर्ष झालं. लोवेल येईल म्हणून दालचिनीचे रोल केले होते. आला नाही, फोनही उचलला नाही. त्याच्या जिवाला लागलं असेल. मी आणि रॉडनीने प्रत्येकी तीन रोल खाल्ले.

९ फेब्रुवारी

तळ्यावर पतंगवाल्यांचा मेळा. सरहद्दीपलीकडच्या मॅनिटोबाहूनही लोक आले होते. सुपाच्या पातेल्याशी शँटेल नावाची बाई भेटली, दरवर्षी येते म्हणाली. मी उडवण्याआधी हातमोजा काढून दोरी चाचपत होते, ते बघून हसली.

"लोवेलची शिष्या वाटतं तुम्ही. आता फार कडक झालाय तो. गाठ मारायची आम्हाला त्यानेच शिकवलं होतं, माहितीये?"

"कसली गाठ?"

तिने नीट समजावून सांगितलं. सुटका केली की दोऱ्या पुन्हा लावायला अर्धा तास जातो, तोही उघड्या बोटांनी. या थंडीत नको वाटतं. म्हणून सुटकेच्या दोरीवर हातभर अंतरावर एक जाड गाठ मारायची. दांडी तिथे अडते, पतंग पुरता मरत नाही, अर्धवट पडतो, पुन्हा उठवता येतो. वारा हलका असेल तर चालून जातं.

"आणि जोराचा असेल तर?"

"तर देवाचं नाव घ्यायचं. पण गेल्या फेब्रुवारीच्या मेळ्याला लोवेल प्रत्येकाच्या गाडीपाशी गेला आणि सगळ्यांच्या गाठी त्याने स्वतःच्या हाताने सोडल्या. का ते सांगितलं नाही. हिंडता हिंडता नुसता रडायचा."

घरी येताना मला अभिमानच वाटला. मित्राचा अपघात बघून माणसाने इतकं मनावर घेतलं, सगळ्यांना वाचवलं. कुणी करतं का एवढं?

११ फेब्रुवारी

सकाळी बसभोवती तपासणीची फेरी मारत होते. डावं मागचं टायर. उजवं मागचं टायर. मागचं दार. आणि तिथेच थांबले.

रॉडनीने मूठ ढकललीच नव्हती, तर लोवेलला गाठी कशाला आठवल्या?

पोरांना शाळेत सोडलं. कशी सोडली, ठाऊक नाही. परत येऊन गॅरेजमध्ये गेले, पिशवी उघडली. सुटकेची दोरी काढली, हातमोजा काढला. एका टोकापासून सुरुवात केली. हातभर अंतरावर बोटाला लागलं. गाठ नाही. गाठ होती ती जागा. दोरी तिथे वेडीवाकडी मुरडून कडक झालीय, ओढून धरली तरी सरळ होत नाही. वरचा रंग फक्त तिथेच शाबूत आहे, आतल्या वळशात दडला होता ना, म्हणून. आणि त्याच्या अलीकडे दोरी घासून भुरकट झालेली. दांडी तिथपर्यंत धावत आली होती.

म्हणजे त्याने मूठ ढकलली होती. माझ्या भावाने वेळेवर ढकलली होती.

मी गॅरेजच्या जमिनीवर बसले होते. रॉडनीने घरातून हाक मारली, कॉफी हवीय का म्हणून. मी नको म्हटलं.

१२ फेब्रुवारी

लोवेलच्या पतंगांच्या दुकानात गेले. तो पतंगाचं कापड शिवत होता. मी दोरी टेबलावर ठेवली. त्याने लगेच ओळखली. शिलाई मशीन बंद केलं.

"सांगणार होतो तुला."

"कधी?"

"आधी तू शिकावीस असं वाटलं. तुला काही होऊ नये. मग तू हसायला लागलीस, आणि मग..."

"गाठ कुणी सोडली?"

"मी. पोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता. बाकीचे यायला वेळ होता. हातांनी सुटेना, दातांनी सोडली. मग मूठ परत जागेवर बसवली." स्वतःच्या तोंडाला हात लावून बसला. "पतंग दिला तेव्हा गाठीचं सांगायचं राहून गेलं रे देवा, एवढंच झालं. राहून गेलं. माझं दुकान, माझं नाव... मला वाटलं तो काही जगत नाही. मग जगला, पण मी शेरीफला सांगून बसलो होतो, त्याने मूठ ढकललीच नाही म्हणून."

"वर्षभर त्याच्याशी हवापाण्याचं बोललास."

तो कापडाची घडी घालायला लागला.

"आणि माझ्याशी? ते काय होतं? प्रायश्चित्त?"

"सुरुवातीला," तो म्हणाला.

त्या एका शब्दासाठी त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. दाढी टोचते म्हणून आरशात बघायला गेलेली मी. किती मूर्ख बाई आहे मी. त्याने शिकवलेलं एकूण एक खरं होतं, आणि शिकवणारा असा.

निघताना तो म्हणाला, "रॉडला सांगू नकोस, अर्लिस. आता त्याला काय मिळणार आहे? होता तो एक मित्र जाईल."

२१ फेब्रुवारी

सांगितलं नाही अजून. रोज ठरवते. रॉडनी समोर आला की भांडी घासायला घेते. लोवेलचं म्हणणंही डोक्यात घोळतं: काय मिळणार आहे त्याला? मी लोवेलला वाचवतेय का? नाही. त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. मग कुणाला वाचवतेय?

पतंगाला हात लावलेला नाही.

३ मार्च

बर्फ वरून ओला झाला. खोपटी परत आणायला लागले. रॉडनीने साखरेच्या डब्याखालचं पत्र काढून मला दिलं. "नाही म्हणून कळव. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी कागद घेतला, पेन घेतलं, आणि लिहिता येईना.

"उद्या लिहिते," म्हटलं.

८ मार्च

सांगितलं.

नाश्त्याला. दोरी त्याच्या ताटलीशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं, शँटेलपासून दातांपर्यंत. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते. त्याने ऐकलं. मग दोरी उचलली. डावा हात थरथरतो त्याचा, म्हणून उजव्या हाताच्या बोटांनी चाचपत गेला. ती जागा आली तिथे थांबला. अंगठा पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

"म्हणजे ढकलली मी."

"ढकललीस."

"गारठलो नाही."

"नाही रे. तू सगळं बरोबर केलंस."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर लोवेलला शिव्या देईल. मी तयारच होते, दोघं मिळून दिल्या असत्या. त्याने कॉफी संपवली. कप खाली ठेवला.

"लोवेलचं समजतं मला," तो म्हणाला. "घाबरला. डोळ्यासमोर माणूस मेलेला दिसला, आणि चूक त्याची. घाबरून खोटं बोलला. वाईट केलं, पण समजतं."

मग माझ्याकडे बघितलं.

"तू मला जन्मापासून ओळखतेस. एकतीस वर्षं खांबावर बघितलंस. तू लोवेलला एकदाही विचारलं नाहीस, की रॉडनी असं करेल का म्हणून. दवाखान्यात मी डोळे उघडले तेव्हा तू मला पहिलं वाक्य काय बोललीस, आठवतं? 'मूठ का नाही ढकललीस?' तुला कसली भीती होती, अर्लिस?"

 तो काठी घेऊन उठला, स्वतःचा कप स्वतः विसळला.

९ मार्च

उत्तर ठाऊक आहे मला. तिथे बसून देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तो मरणार असं फार्गोच्या डॉक्टरांनी पहिल्या रात्री सांगितलं होतं. मी इतकी घाबरले की कुणावर तरी रागवायलाच हवं होतं. वाऱ्यावर काय रागावणार? लोवेल धडधाकट होता, त्याने उलट उत्तर दिलं असतं. रॉडनी पलंगावर पडून होता, त्याला काही आठवत नव्हतं. त्याच्यावर रागावणं सोयीचं होतं. आणि सोयीचं होतं म्हणून वर्षभर रागावले, वर दूध तापवून देऊन उपकारही केले.

लोवेलने एकदा खोटं सांगितलं. मी ते रॉडनीला रोज सांगत होते, त्याच्या घासागणिक.

११ मार्च

तो फोनवर बोलत होता. मी कपडे घड्या घालत होते.

"हो, रॉडनी स्कोगन. पत्र आलं होतं तुमचं. येतो मी. एक तारखेपासून? चालेल. हो, हात जरा थरथरतो, पण सांगता येतं सगळं."

सांगता येतं सगळं. किती दिवसांनी आवाजात तो कोरडेपणा, पूर्वीसारखा. 

दुपारी लोवेलचा ट्रक दाराशी आला. रॉडनी बाहेर गेला, दोघं ट्रकशी उभे राहून बोलले. पंधरा-एक मिनिटं. आत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"शेरीफकडे जातो म्हणाला. मी म्हटलं जा."

"आणि तू माफ केलंस?"

"ते माझं मी बघेन."

३१ मार्च

तळ्याच्या कडेला पाणी दिसायला लागलं.

रॉडनीने सामान स्वतः भरलं, दोन पिशव्या. शेगडी स्वतः लावून अंडी केली, माझ्यासाठीही. मी त्याला म्हटलं, मला क्षमा कर. तो म्हणाला, "हो, ऐकलं," आणि मीठ पुढे केलं.

मी म्हटलं, "उद्या रजा टाकलीय मी. बेमिजीला मी सोडते तुला. दोन तास तर लागतात."

"नको."

"अरे, तेवढंच तर येतं मला. रोज साठ पोरं पोचवते."

"माहितीये," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी सहज. "लोवेल सोडतोय."

मी अंडी खाल्ली. चांगली झाली होती. रजेचा अर्ज परत घेतला, उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला बस काढायची आहे.